नजरेआडच्या माणसांचे नेतृत्व

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहायक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘बहुराष्ट्रीय उद्योगसंस्थांमधील प्रभावी नेतृत्व’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत असे संस्थेने मला सुचविले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी इतिहास आणि मराठी शिकविणारा, बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक. वयाची पस्तिशी नुकतीच ओलांडली आहे. माझ्या हाताखाली कोणी काम करीत नाही. एक वर्ग तेवढा आहे, आणि घंटा झाली की तोही निघून जातो. अशा माणसाने जगभर पसरलेल्या कंपन्यांच्या कारभाराविषयी काय बोलावे?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनातही हाच विचार आला असेल. पोरगा दहावी-बारावी होऊन कुठे तरी कामाला लागला म्हणजे मिळविली. या मोठमोठ्या कंपन्यांशी आपल्याला काय कर्तव्य? २०२० साली एका पालकाने हा प्रश्न मला समोरासमोर विचारला होता. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही, आणि ती गोष्ट माझ्या मनाला अजून लागून राहिली आहे. त्यांची हकीकत मी शेवटी सांगेन. आजचे माझे भाषण म्हणजे त्यांना द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

खामगावचा कापूस आणि परदेशी पेढ्या

बहुराष्ट्रीय कंपनी म्हणजे काय? जिचे मुख्य कार्यालय एका देशात आणि कामकाज अनेक देशांत चालते ती. हे शब्द नवे आहेत, पण ती गोष्ट आपल्या जिल्ह्याला मुळीच नवी नाही. आपले खामगाव घ्या. वऱ्हाडचा कापूस विलायतेस जाऊ लागला तेव्हा खामगावची बाजारपेठ इतकी भरभराटीला आली, की १८७० साली जलंब ते खामगाव ही खास आगगाडीची शाखा काढण्यात आली आणि तिचे उद्घाटन करण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. ‘रायली’ हे नाव वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असे. ती रायली ब्रदर्स नावाची परदेशी पेढी. दुसरी पेढी व्होलकार्ट ब्रदर्सची. ती १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरथुर आणि आपली मुंबई अशा दोन ठिकाणी एकाच वेळी सुरू झाली, आणि तिने खामगावात कापूस खरेदी केला. म्हणजे आपल्या पणजोबांनी बैलगाडीतून आणलेला कापूस तेव्हाच बहुराष्ट्रीय व्यापारात गेला होता. आज त्याच खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे, आणि त्या कंपनीचे मूळ इंग्लंड-हॉलंडमध्ये आहे.

आता त्या जुन्या व्यापारात अडचण कोणती होती ती पाहा. खामगावचा जाणता व्यापारी कापसाची चिमूट घेऊन दोन्ही अंगठ्यांत धरून ओढी, आणि तंतू किती लांब आहे, कापूस ओला आहे की कोरडा, हे सांगे. परंतु ज्या गिरणीत तो कापूस जाणार, तिचा मालक हजारो कोस दूर. त्याने शेतकरी पाहिलेला नाही, अडत्या पाहिलेला नाही, गाठ बांधणारा मजूर पाहिलेला नाही. गाठ फोडल्यावर आत सरकी, माती किंवा पाणी मारलेला माल निघाला, तर तो काय करणार? ही भेसळ इतकी माजली होती, की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला.

माझ्या मते आजच्या विषयाचे मर्म याच अडचणीत आहे. आपल्या गावातल्या किराणा दुकानाचा मालक गल्ल्यावर बसतो. नोकर काय मोजतो, गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, हे सारे त्याच्या नजरेसमोर असते. त्याची नजर हेच त्याचे नेतृत्व. परंतु ज्याची माणसे पन्नास देशांत, वेगवेगळ्या भाषा बोलत, दिवसा-रात्री काम करीत आहेत, त्याची नजर कुठवर पोहोचणार? त्यांतल्या हजारातल्या एकालाही तो आयुष्यात भेटणार नाही. तेव्हा नजरेआडच्या माणसांनीही नजरेसमोरच्यासारखेच काम करावे, अशी व्यवस्था आणि असा विश्वास ज्याला निर्माण करता येतो, तोच अशा संस्थेचा खरा नेता होय. बाकीचे गुण, म्हणजे इंग्रजी बोलणे, टापटीप, हुशारी, हे उपयोगाचे असतात; पण ते नंतरचे.

हे कसे साधते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला लंडन-न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. मलकापूरला गाडीत बसा, भुसावळ आणि जळगाव मागे टाका, आणि सुरतेच्या मार्गाने अमळनेरला उतरा.

अमळनेरचा तेल कारखाना

अमळनेर हे बोरी नदीकाठचे खानदेशातील गाव. आम्हा शिक्षकांना ते वेगळ्या कारणाने प्रिय आहे, कारण तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी शिक्षक म्हणून काम केले. याच गावी १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी या गृहस्थांनी वनस्पती तूप काढण्याचा कारखाना स्थापन केला. कंपनीचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. आसपासच्या प्रदेशात भुईमूग भरपूर. त्याचे तेल, तुपाचे डबे, पुढे कपडे धुण्याचा साबण, असा तो धंदा होता. याच कंपनीचे पुढे ‘विप्रो’ झाले. आज संगणकाच्या क्षेत्रातले हे नाव जगाला माहीत आहे. त्याचा उगम आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील शेंगदाण्यात आहे, हे मात्र आपल्याच मुलांना माहीत नसते.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजींचे अकस्मात निधन झाले. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी त्या वेळी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होते. वय वर्षे एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून ते परत आले आणि कंपनीचा भार त्यांच्यावर पडला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून त्यांना सुनावले, की हे काम तुमच्याने होणार नाही. आपले भाग विकून टाका आणि कंपनी जाणत्या माणसांच्या हाती द्या. भरसभेत एकवीस वर्षांच्या मुलाला हे ऐकावे लागले. त्या टीकेने आपला निश्चय अधिकच पक्का झाला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

तुम्ही म्हणाल, तो धनिकाचा मुलगा, कारखाना वारशाने मिळालेला. खरे आहे, मी ते लपवीत नाही. वारशाने कारखाना मिळतो. पण वारशाने मिळालेले कारखाने दहा-वीस वर्षांत बंद पडल्याची उदाहरणे आपल्या कापसाच्या मुलखात थोडीथोडकी नाहीत. खामगाव-अकोल्याकडे बंद पडलेल्या जिनांची धुराडी अजून उभी दिसतात. वारसा मिळाल्यानंतर काय केले, हा आपल्या अभ्यासाचा भाग आहे.

नियम एकच

पहिली गोष्ट, नियम सर्वांना एकच, आणि तो नेत्याने स्वतः आधी पाळायचा. कर्नाटकातील एका कारखान्याला वीजजोडणी देण्यासाठी पैसे मागण्यात आले, तेव्हा विप्रोने ते दिले नाहीत आणि जनरेटरवर काम चालविले. त्यात खर्च कितीतरी अधिक आला. हिशेबी व्यापाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण हा निर्णय त्या एका कारखान्यापुरता नसतो. दूरच्या शाखेतील लहानसा कर्मचारी तो पाहत असतो. मालकाने एकदा पैसे चारले, की खालच्या हजार माणसांना आपोआप परवानगी मिळते. त्यासाठी परिपत्रक काढावे लागत नाही. अझीम प्रेमजी विमानाने साध्या वर्गातून प्रवास करीत, याची वर्तमानपत्रे मोठी नवलाई करीत असत. मला त्यात काटकसरीपेक्षा हीच दृष्टी दिसते. कर्मचाऱ्याला जो नियम, तोच साहेबाला.

आपल्याकडे यासाठी एक चांगला शब्द आहे: अमानत. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. नेत्याचे पद ही अमानत आहे. अमळनेरच्या कित्येक कुटुंबांनी या कंपनीचे भाग वर्षानुवर्षे जपून ठेवले आणि पुढे त्यांचे भाग्य उजळले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या लोकांनी संगणक पाहिला नव्हता. त्यांनी माणूस पाहिला होता, आणि लाभांश वेळेवर येतो हे पाहिले होते.

तथापि मी येथे केवळ गुणगान करण्यास उभा नाही. २००७ साली जागतिक बँकेने विप्रोला चार वर्षांसाठी आपली कामे देण्याचे बंद केले, आणि ही गोष्ट २००९ च्या जानेवारीत जाहीर झाली. २००० साली कंपनीने अमेरिकेत भाग विक्रीस काढले, तेव्हा बँकेच्या कर्मचाऱ्यांनाही ते भाग देऊ करण्यात आले होते. त्यावर बँकेचा आक्षेप होता. आपण जे केले ते कायद्याला धरूनच होते, असे कंपनीचे म्हणणे होते. असो. आपण यातून एवढेच घ्यावे, की ज्या संस्थेने सचोटीला पहिले स्थान दिले, तिच्याही नावावर असा डाग येऊ शकतो. संस्था जेवढी पसरते, तेवढे हात वाढतात, आणि प्रत्येक हात नेत्याच्या नावाने काम करीत असतो. म्हणून मोठ्या संस्थेत सचोटीचा पाठ एकदा देऊन भागत नाही. तो पुनःपुन्हा द्यावा लागतो, जसा आम्हाला पाढ्यांचा द्यावा लागतो.

आपल्यापेक्षा जाणत्या माणसांना जागा

दुसरी गोष्ट. १९७७ साली केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले. परदेशी कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावा, या नियमाचा आग्रह धरण्यात आला, आणि संगणक बनविणारी आयबीएम ही प्रचंड अमेरिकन कंपनी भारत सोडून गेली. तिची जागा मोकळी झाली. तुपाच्या आणि साबणाच्या धंद्यातल्या माणसाने त्या वेळी संगणकाकडे वळावे, ही साधी गोष्ट नव्हती. १९८० च्या सुमारास विप्रोने बंगळूर येथे ते काम हाती घेतले.

आता विचार करा. तेलाच्या कारखान्यात मालकाला कामगाराएवढे, किंबहुना जास्तच समजत असते. संगणकाच्या कामात तसे नसते. तेथे तरुण अभियंत्याला साहेबापेक्षा अधिक कळते. ज्याला हे सहन होत नाही, त्याच्याभोवती हळूहळू ‘होय साहेब’ म्हणणारीच माणसे उरतात. प्रेमजींनी आपल्यापेक्षा अधिक जाणणारी माणसे जवळ केली, आणि त्यांना खरे अधिकार दिले. पुढे कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर घराण्याबाहेरची अनेक माणसे बसली. त्यांत आबिदअली नीमचवाला होते, २०२० साली नेमलेले फ्रेंच गृहस्थ थिएरी देलापोर्त होते, आणि २०२४ साली ती जबाबदारी कंपनीतच तीसहून अधिक वर्षे काम केलेल्या श्रीनिवास पल्लिया यांच्याकडे आली. अझीम प्रेमजी स्वतः जुलै २०१९ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. सर्वच नेमणुका सारख्या यशस्वी होतात असे नाही. पण खुर्ची सोडता येणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे. आपल्या गावच्या संस्थांमधून, सोसायट्यांमधून, एकाच माणसाने तीस-तीस वर्षे खुर्ची धरून ठेवल्याने काय होते, हे मी सांगण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. १९६६ साली अर्धवट राहिलेली स्टॅनफर्डची पदवी प्रेमजींनी तीसहून अधिक वर्षांनी पुरी करून घेतली. तोपर्यंत ते देशातील सर्वांत श्रीमंत लोकांत गणले जात होते. त्यांना त्या कागदाची काय गरज होती? तरी त्यांनी तो मिळविला. आणि कंपनीतील आपल्या मालकीचा फार मोठा वाटा, २०१९ च्या घोषणेप्रमाणे कंपनीच्या सदुसष्ट टक्के भागांचे उत्पन्न, त्यांनी ज्या कामासाठी ठेवले त्यात मुख्य काम शिक्षणाचे, आणि तेही साध्या सरकारी शाळांचे आहे.

न बोललेले ऐकणे

तिसरी गोष्ट ऐकण्याची. हॉलंडचे एक अभ्यासक होते, गीर्ट हॉफस्टेड. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्याच अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची पाहणी केली. कंपनी एक, काम एक. मग वागण्यात फरक कुठे पडतो? साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातील अंतर लोक किती मानतात, याचे त्यांनी देशवार गुण काढले. भारताचे गुण आले ७७, आणि डेन्मार्कचे अवघे १८. म्हणजे डेन्मार्कमधला कारकून साहेबाला तोंडावर सांगतो, की तुमचे चुकते आहे. आपल्याकडे माणूस मान हलवितो, बाहेर येतो, आणि चहाच्या टपरीवर खरे बोलतो. असे आकडे संबंध देशाचे असतात, एकेका माणसाचे नव्हेत. तरी त्यात तथ्य आहे हे आपण आपल्या घरावरून ओळखू शकतो. ज्या नेत्याला अनेक देशांत काम करावयाचे आहे, त्याला हे जाणावे लागते, की एका ठिकाणचे मौन म्हणजे संमती असते आणि दुसऱ्या ठिकाणचे मौन म्हणजे नुसती भीती.

याबाबतीत एका मराठी मुलखातल्या मुलीचे उदाहरण माझ्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे. लीना नायर कोल्हापुरात वाढल्या, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकल्या, जमशेदपूरला व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन १९९२ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये लागल्या. तेव्हा कारखान्यात स्त्री अधिकारी ही दुर्मीळ गोष्ट होती. त्यांनी रात्रपाळी केली. त्या जेथे जातील तेथे स्त्रियांसाठी शौचालय नसे. त्यांच्यासाठी ते नव्याने बांधावे लागे. ही बाब सभेत बोलावी की नाही असे क्षणभर मला वाटले, पण मुलींच्या शाळेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, अशा एका गोष्टीपायी किती मुली शाळा सोडतात. कामगारांमध्ये राहून, त्यांची गाऱ्हाणी ऐकून त्या शिकल्या. २०१६ साली त्या सबंध युनिलिव्हरच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. जानेवारी २०२२ पासून त्या शनेल या जगप्रसिद्ध फ्रेंच वस्त्र-अत्तराच्या कंपनीच्या मुख्याधिकारी आहेत. ज्या क्षेत्राचा आपल्याला अनुभव नाही, तेथे गेल्यावर त्यांनी आधी कारखाने आणि दुकाने फिरून माणसांचे ऐकून घेतले. कारखान्यात शिकलेली सवय तेथेही कामाला आली.

माझ्या वर्गातील एक मुलगा

आता मी आरंभी सांगितलेली हकीकत सांगतो.

२०१९ साली मी दहावीच्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. मी आलो की वर्ग चिडीचूप होई, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या वर्षी विधानसभा निवडणुकीचे काम आणि त्याला जोडून घरचे आजारपण, यांमुळे आठ दिवस मला वर्गावर जाता आले नाही. फळ्यावर अभ्यास लिहून मी निघून गेलो. परत येताना मनात खात्री होती, की सारा गोंधळ झाला असणार.

गोंधळ झाला नव्हता. बसस्टँडवर फळांची गाडी लावणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा वर्गात होता. गुण सत्तरच्या घरात, पहिल्या पाचांत त्याचे नाव कधी नसे. त्याने वर्गाचे पाच गट केले होते. प्रत्येक गटाने एक धडा तयार करून बाकीच्यांना सांगायचा. ज्यांना वाचायला जड जाते त्यांना त्याने आधी वाचायला लावले होते, म्हणजे बाकीचे त्यांना हसण्याऐवजी मदत करतील. एका वहीत कोणी काय केले ते रोज लिहिले होते. मी विचारले, ‘हे तुला कोणी सांगितले?’ तो म्हणाला, ‘सर, तुम्ही नव्हते, म्हणून सगळ्यांना विचारलं.’

मित्रहो, त्या दिवशी मला कळले की आजवर मी वर्गावर नुसती नजर ठेवत होतो. नेतृत्व त्या मुलाने केले.

पुढे मार्च २०२० आला. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही. टाळेबंदी आली, बसस्टँड बंद, फळांची गाडी बंद. जुलैअखेर निकाल लागला. मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला. ऑगस्टमध्ये कळले, की त्याला गॅरेजवर कामाला लावले आहे. मी घरी गेलो. त्याला पुढे शिकवा, तो मोठ्या कंपनीत अधिकारी होऊ शकेल, असे मी म्हणालो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले, मला चहा दिला, आणि म्हणाले, ‘सर, तुमचं सांगनं खरं हाय. पन तिथं आपल्याले कोन इचारते?’

मी गप्प बसलो. चहा संपविला आणि उठून आलो. पुन्हा गेलो नाही. ही माझी चूक आहे, आणि ती मी तुम्हा सर्वांसमोर कबूल करतो.

मागच्या वर्षी माझी मोटारसायकल बंद पडली म्हणून मी त्याच गॅरेजवर नेली. तो आता तेथला मुख्य कारागीर आहे. त्या दिवशी तो बाहेरगावी गेला होता. हाताखालच्या दोन पोरांनी गाडी तपासली, काय बदलले ते वहीत लिहिले, जुना भाग मला दाखविला आणि लिहिलेलेच पैसे घेतले. मालक नाही, मुख्य कारागीर नाही, तरी काम चोख. मी ती वही बराच वेळ पाहत बसलो.

गॅरेजचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. प्रामाणिक कारागिराला मी मोठा मानतो. पण ज्या गुणासाठी जगभरच्या कंपन्या माणसे शोधत फिरतात, तो गुण त्या मुलात होता. कमी पडले ते पुढचे शिक्षण; आणि ते कमी पडले तेव्हा त्याचा शिक्षक चहा पिऊन घरी आला.

मग आपण काय करावे?

त्या पालकांना मी आज असे सांगेन. भाऊ, तुमचा प्रश्न खोटा नाही. तेथे आरंभी कोणी विचारीत नाही. भेदभाव होत नाही असे सांगून मी तुम्हाला फसविणार नाही. वारसाने आलेल्या मुलालाही भरसभेत ‘निघून जा’ म्हणणारे भेटले, मग तुमच्या-आमच्या मुलांना भेटणारच. परंतु नजरेआड पसरलेल्या संस्थेला नेहमी अशी माणसे लागतात, की ज्यांच्यावर दुरून विश्वास ठेवता येईल. फोरमन, पर्यवेक्षक, गटप्रमुख अशा हजारो जागा असतात. त्या जागेपर्यंत जाण्याचा रस्ता शिक्षणाचा आहे, आणि तो फार दूरवर नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि तेथील पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. बी. एससी. किंवा बी. सी. ए. झालेल्यांना नोकरीत घेऊन पुढचे शिक्षण देण्याची योजना विप्रोने चालविली आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षी नीट पाहून घ्याव्यात.

पालकांनी घरी काय करावे? घरचा थोडा हिशेब मुलाच्या हाती द्या आणि तो खरा लिहावयास लावा. चूक झाली तर मारू नका, पण लपविली तर सोडूही नका. घरात काही ठरवायचे असेल तेव्हा मुलाचे आणि मुलीचेही मत विचारा, आणि ते तुमच्या विरुद्ध असले तरी पुरे होऊ द्या. आपण मशविरा हा शब्द नेहमी वापरतो. बहुतेक घरांत तो फक्त मोठ्या पुरुषांपुरता असतो. जी मुलगी घरात बोलू शकत नाही, ती उद्या सभेत काय बोलणार?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वर्गप्रमुख झालात तर नावे लिहून शिक्षकांकडे देणे हे तुमचे काम समजू नका. शिक्षक वर्गात नसताना वर्ग कसा चालतो, यावरून स्वतःची परीक्षा घ्या. इंग्रजी आणि गणित यांना घाबरू नका. पण आपला शब्द आपण पाळतो की नाही, हे त्याआधी पाहा.

आणि शिक्षक म्हणून माझ्यापुरते मी आज येथे वचन देतो. दहावीनंतर ज्या घरातून मुलाचे किंवा मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार होईल, त्यांनी फक्त एकदा शाळेत येऊन आम्हाला सांगावे. फी असो, वसतिगृह असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, आम्ही शिक्षक तुमच्याबरोबर बसून वाट शोधू. तुम्ही आला नाहीत तर मी तुमच्या घरी येईन, आणि या वेळी पहिल्या उत्तरावर उठून जाणार नाही.

त्या मुलाचे वय अजून गेलेले नाही. प्रेमजींनी तीसहून अधिक वर्षांनी पदवी घेतली. याला तर आत्ता पाच-सहा वर्षेच झाली आहेत. या मेळाव्यानंतर मी त्याच्या गॅरेजवर जाणार आहे. बारावीचा बाहेरून बसण्याचा अर्ज माझ्या पिशवीत आहे.